विषय: लिबक्रिप्टो फाइल घातक ठरवून काढल्याबद्दल तक्रार

तांत्रिक साहाय्य विभागप्रमुख,

तुमच्या माणसाशी आज पाचव्यांदा बोललो. फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो.

सोमवारी पहाटे तुमच्या अँटिव्हायरसने आमच्या पतसंस्थेच्या डेबियन १२ (लिनक्स) सर्व्हरवरची लिबक्रिप्टो.एसओ.३ ही एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची फाइल क्वारंटाइनमध्ये टाकली, म्हणजे जागेवरून हलवून अडकवून ठेवली. दुरून सर्व्हरवर जायचं ते एसएसएच याच फाइलवर चालतं, त्यामुळे सकाळी त्याने लॉगिन होईना. सर्व्हरला कीबोर्ड-मॉनिटर जोडून ती परत आणेपर्यंत पिग्मीवाले काउंटरसमोर ताटकळत होते.

त्याच दिवशी मी पुरावा पाठवला. डेबियनच्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला फाइल कुठल्या पॅकेजची विचारलं. उत्तर आलं, लिबएसएसएल३. डेबसम्स या तपासणीच्या प्रोग्रामने फाइलचा एमडी५ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, पॅकेजच्या नोंदीशी जुळवला. नुसत्या एमडी५वर विसंबायचं नाही, म्हणून तीच आवृत्ती डेबियनच्या सर्व्हरवरून उतरवली, पॅकेजचा एसएचए-२५६ हा जास्त भक्कम हॅश त्यांच्या सही असलेल्या यादीशी ताडला, पॅकेज उघडलं आणि आतल्या फाइलचा हॅश आमच्या फाइलशी लावला. ६४ पैकी ६४ अक्षरं तीच.

त्यावर तुमचं उत्तर, "लिबक्रिप्टो नावाचं पॅकेज नाही, म्हणून फाइल संशयास्पद." पॅकेज नाहीच! ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या सोर्समधून लिबएसएसएल३ बनतं आणि ही फाइल त्याच्यात येते. सुरक्षेचा धंदा करणाऱ्यांना हे मी सांगायचं?

आज मी म्हटलं, तुमच्या स्क्रीनवरचा हॅश वाचा, मी माझा वाचतो. पहिली आठ अक्षरं जुळली. तो थांबला आणि म्हणाला, "पण सर, हॅश प्रत्येक मशीनवर वेगळा येतो ना?" मला क्षणभर बोलवेना. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की एक बाइट बदलला तरी हॅश बदलतो, आणि फाइल तीच असेल तर कुठेही तोच येतो. "सीनियरना विचारतो" म्हणून त्याने होल्डवर टाकलं. अकरा मिनिटांनी फोन कट.

लायब्ररीवर शंका घेऊ नका, असं मी म्हणत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) सापडलं, तेव्हा आम्हीही रात्री जागून सर्व्हर तपासले. पण तेव्हाही आधी पाहिलं ते पॅकेज आणि आवृत्ती. तुम्ही तेवढंही पाहिलं नाही. पुरावा हातात देऊनही पाहिलं नाही.

हा हॅश तुमच्या सुरक्षित यादीत घाला आणि कुठल्या नियमाने फाइल पकडली ते लेखी कळवा. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर सगळ्या शाखांमधून तुमचं सॉफ्टवेअर काढतो, आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत घेतल्याशिवाय सोडणार नाही. सहा वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला होता.

सिस्टिम प्रशासक