खाणीची माहिती आधी गावाला द्या : कॅनडाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफ शहराजवळच्या जायंट या सोन्याच्या खाणीचा इतिहास तुमच्या खात्याला पाठ असेल. इथल्या मराठी मंडळींना तो क्वचितच ठाऊक असतो, आणि टोरँटोच्या बाजारात खाणकंपन्यांचे शेअर घेणारे आमच्यातही आहेत. म्हणून हे पत्र मराठीत, सगळ्यांसमोर लिहितो आहे.

1948 मध्ये तिथे सोन्याचं उत्पादन सुरू झालं. सोनं आर्सेनिकयुक्त खनिजात अडकलेलं. ते सुटावं म्हणून खनिज भट्टीत भाजायचे. धुराबरोबर आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी बाहेर पडायची आणि आसपासच्या बर्फावर बसायची. तिथल्या यलोनाइव्ह्ज डेने या आदिवासी समाजातली कुटुंबं तोच बर्फ वितळवून पीत. या विषाला ना वास, ना चव. 1951 मध्ये त्या पाण्याने एका लहान मुलाचा जीव घेतला. धोक्याच्या सूचना दिल्या गेल्या, पण इंग्रजीत, आणि डेने लोकांपैकी अनेकांना इंग्रजी वाचताच येत नव्हतं. पुढे 1999 मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत निघाली, 2004 ला खाण थांबली. 2,37,000 टन विषारी भुकटी आजही जमिनीखाली आहे. ती तिथेच गोठवून ठेवायची आणि पिढ्यान्‌पिढ्या राखण करायची. या सगळ्याचा सरकारी अंदाज सुमारे 438 कोटी डॉलर, आणि ते जाणार करदात्यांच्या खिशातून.

2006 मध्ये तुमच्या खात्याने खाणउद्योगाच्या संघटनांबरोबर आदिवासी समुदायांसाठी खाणकामाची माहितीपुस्तिका काढली. काम चांगलं आहे. खनिजाचा शोध, खाणीची उभारणी, उत्पादन आणि बंद करणं हे चारही टप्पे त्यात सोप्या भाषेत उलगडून दाखवले आहेत. पण पुस्तिका उघडण्याची वेळ येते तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. ऑन्टॅरिओ प्रांतात 2018 पासून खनिजाचा दावा, म्हणजे एखाद्या जमिनीत खनिज शोधण्याचा हक्क, घरबसल्या, संगणकावरच्या नकाशातले चौकोन निवडून नोंदवता येतो. आपल्या शिकारीच्या रानावर कुणाचं नाव लागलं, हे गावाला मागाहून कळतं.

दावे नोंदवणं प्रांताच्या अखत्यारीत आहे, हे मला मान्य आहे. माहिती पोचवायला मात्र तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. आदिवासींशी सल्लामसलत करणं हे सरकारचं कर्तव्य आहे आणि ते कंपनीच्या गळ्यात घालता येत नाही, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हायडा या आदिवासी समाजाच्या खटल्यातल्या 2004 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. मग ड्रिलिंगवाले येण्याआधी सरकारचा माणूस गावात का जाऊ नये?

आमच्या गडचिरोलीतही हेच दिसलं. सूरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची 2022 ची जनसुनावणी खाणीलगतच्या गावांत झाली नाही. ती शंभराहून जास्त किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. एटापल्लीच्या माडिया म्हातारीने तिथे जायचं कसं, आणि बोलायचं कुठल्या भाषेत?

तेव्हा पुस्तिकेची नवी आवृत्ती काढाल त्यात जायंट खाणीवर एक पूर्ण प्रकरण घाला, आणि ते डेने ज्येष्ठांकडून सांगून घ्या. मजकूर नुसता छापू नका, समुदायांच्या भाषांमधून रेडिओवर ऐकवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा आणि भूगर्भाचा जाणकार गावाने स्वतः निवडावा आणि त्याची फी सरकारने भरावी. कंपनीने नेमलेल्या सल्लागाराचा अहवाल कंपनीच्याच माणसाकडून समजून घ्यायची पाळी कुठल्याही गावावर येऊ नये. यासाठी येत्या अर्थसंकल्पात किती तरतूद करणार, हे लेखी कळवावं.

आपला,
कॅनडातला एक मराठी मतदार