चहाआधीची गोळी

प्रिय सुमन,

परवा तू फोनवर रडत होतीस आणि मी नुसतं हूं हूं करत होते. मग रात्री झोपच लागेना, म्हणून पत्र. रक्ताच्या रिपोर्टात टीएसएच 18 आला म्हणजे आभाळ कोसळलं नाही गं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आळसावली, की मेंदूखालची पिच्युटरी तिला हाका मारत सुटते. तो 18 चा आकडा म्हणजे त्या हाका. तुझं ते मे महिन्यात शाल पांघरणं, कंगव्यात पुंजके येणं, सगळं त्यातलंच. भाऊजींना सांग, हा आळस नाही.

माझी थायरॉईडची गोळी सुरू होऊन अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वाया गेली म्हण. पहाटे साडेपाचला चहाचं आधण ठेवायचं, गोळी तोंडात टाकायची, वरून चहाचा घोट. त्याच्याच पाठोपाठ गुडघ्यांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी. रिपोर्टात आकडा वरच. डॉक्टरांनी 50 मायक्रोग्रॅमची 75 केली, मग 100. कशी घेता, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं, हे मला शेवटी सांगितलं कुणी, तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या पोरानं!

मी लगेच कॅल्शियम रात्रीवर नेलं. डॉक्टरांना मात्र कळवलं नाही, 100 ची गोळी तशीच चालू. दोनेक महिन्यांत भाकरी थापताना हात थरथरायला लागले, छातीत धडधड, रात्र रात्र टक्क जागी. टीएसएच 0.1 च्या खाली, म्हणजे आता गोळीच जास्त होत होती! उतरत उतरत परत 50 वर आले, तेव्हा कुठे जिवाला स्वस्थता.

आता रात्रीच उशाशी तांब्या-फुलपात्र आणि शंभर गोळ्यांची ती बाटली ठेवते. गोळी एवढीशी, की अंधारात बोटांतून निसटते. दोनदा पलंगाखाली शोधलीय. अनशेपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग केर, पूजा, झाडांना पाणी, आणि तासाभरानं चहा. तुझी तलफ मला ठाऊक आहे, पण अर्धा तास तरी कळ काढच. लोहाची, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं पातळ औषध चार तासांनंतर. संकष्टीला गोळी चुकवू नकोस. मोडलाच उपवास, तर पाप माझ्या माथी.

एखाद्या सकाळी विसरलीस तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घे. घाबरू नकोस, आठवडा उलटला तरी तिचा निम्मा अंश अंगात असतो. म्हणूनच तिचा गुणही सावकाश येतो. पंधरा दिवसांत रक्त तपासायला धावू नकोस, सहा ते आठ आठवडे जाऊ देत. आणि केसांसाठी बायोटिन घेत असशील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांग, रिपोर्ट फसवा येतो.

जाऊबाईंनी कोबी-फ्लॉवर बंद करायला सांगितलंय ना? शिजवून खुशाल खा. वजनाचं म्हणशील, तर माझं चारच किलो उतरलं. बाकीचं थायरॉईडचं नव्हतंच, माझंच होतं.

पुढच्या महिन्यात येते आहेस ना? उशाशी दोन फुलपात्री ठेवते. चहा सातला. आधी मागितलास तर मिळणार नाही.

तुझीच,
शैला