बिनशेती करण्याआधी दोन चर खणा

संपादक महोदय,

भिवंडीकडे आमच्या आजोळी मामांनी विकलेल्या भातखाचरांवर गेल्या उन्हाळ्यात गोदामाचं काम लागलं. जेसीबीने पुरुषभर खोल खणलं, तर उपसलेल्या मातीत खापरं! बहुतेक लाल, साधी. एक मात्र निळसर हिरव्या झिलईचं, जेमतेम बोटभर. रुमालात बांधून बोरिवलीला आणलं आणि ओळखीतल्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापिकाबाईंना दाखवलं. अशी भांडी इराणी आखातातून आपल्या किनाऱ्यावर यायची, चौल-संजाण या जुन्या बंदरांच्या उत्खननांत मिळाली आहेत, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, ‘किती खोलीवर होतं? सोबत काय होतं?’ काय सांगणार! ढीग केव्हाच डंपरमधून कुठल्याशा भरावाला गेला होता. मातीच्या कुठल्या थरात, कशासोबत मिळालं, यावरूनच त्याचा काळ कळतो. थर गेला, की खापर शोकेसपुरतं.

कायदा इथे कामाचा नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी घालतो, त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. खाचराला कोण स्मारक म्हणणार? १८७८ चा गुप्तधनाचा कायदा दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. माझ्या खापराचे भंगारवालाही दहा रुपये देणार नाही.

इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीआधीच शेताची तपासणी मागता येते. नांगरटीनंतर माणसं ओळीने चालून खापरं वेचतात, मग शेतात जागोजागी चर खणून थर पाहतात. खर्च विकासकाचा. आपल्याकडे पायासाठी माती परीक्षण होतंच. बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये या तपासणीचा आणखी एक कागद लागू द्या. सुगीनंतर खाचरं पावसाळ्यापर्यंत मोकळीच असतात, सवडही आहे. माणसंही आहेत: मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने साठ्ये महाविद्यालयाबरोबर जुन्या अवशेषांसाठी साष्टी, म्हणजे आपली मुंबईची उपनगरं, पायी धुंडाळलीच की. आणि शोधलं की सापडतं: नालासोपाऱ्याजवळ सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला, नवव्याचा थेट १९५६ साली, जवळच्या भुईगावात.

मामांचं म्हणणं वेगळं. ‘सापडलं म्हणून सांगितलं असतं, तर जमीन अडकली असती.’ ही भीती खोटी नाही, म्हणूनच लोक मूर्तीसुद्धा गुपचूप खाडीत सोडतात. तपासणीला ठरावीक मुदत हवी. त्यात सरकारी माणूस फिरकला नाही, तर शेतकऱ्याचा व्यवहार अडता कामा नये.

शेजारच्या खाचरांचाही व्यवहार झाला आहे. दिवाळीनंतर कापणी उरकली, की तिथे जेसीबी लागेल.

– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)