सूचना : रविवारची चर्चा – बेसाल्टमधील कार्बन साठवणूक

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता होणारी चर्चा बेसाल्टमधील (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकातील) कार्बन साठवणुकीच्या खडक-यांत्रिकीपुरतीच, म्हणजे दाब-ताणाखाली खडक कसा वागतो एवढ्यापुरतीच, मर्यादित राहील. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ साली पाण्यात विरघळवून जमिनीखाली सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ९५ टक्के वायूचे दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत रूपांतर झाले, हे बहुतेकांना ठाऊक आहेच; मात्र तेवढ्यावरून दख्खनच्या बेसाल्ट कातळाबद्दल निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

पाणी दाबाने आत सोडले की खडकाच्या छिद्रांतील दाब वाढतो, जुन्या भेगांच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारा प्रभावी ताण (एकूण ताणातून छिद्रांतील दाब वजा जाता उरणारा) घटतो आणि त्या सरकू शकतात. कोयनेत जलाशय भरल्यानंतर जाणवू लागलेल्या व ११ डिसेंबर १९६७ रोजी विध्वंसक ठरलेल्या भूकंपांचा अभ्यास करताना हाच मुद्दा केंद्रस्थानी असतो, म्हणून त्यासंबंधीचे वाचन करून यावे.

पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेले बेसाल्टचे नमुने असल्यास अवश्य आणावेत. सौम्य आम्लाच्या थेंबाने कॅल्साइट (कार्बोनेट खनिज) लगेच फसफसते, झिओलाइट (सिलिकेट खनिज) तसे फसफसत नाही. हा फरक प्रत्यक्ष दाखविला जाईल. आम्ल मात्र कोणीही घरून आणू नये, त्याची सोय संयोजक करतील.