हक्काचे पैसे सोडणार नाही, आई

ती. आई-बाबा,

सा. नमस्कार.

इथे जपानमध्ये जुन्या शाळेनं माझ्या पगारातून कापलेले लाख येन मी परत मागते आहे, त्यावरून परवा फोनवर आई म्हणालीस, "जाऊ दे बाई, लाख येन गेले तर गेले. परक्या मुलखात भांडण नको. व्हिसा काढून घेतला तर काय करशील?" बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. बाबा असे गप्प झाले की त्यांना रात्रभर झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे. फोनवर आईचा जीव वर-खाली होतो आणि माझं निम्मं बोलणं राहून जातं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

आधी व्हिसाचं, कारण तुमचा घोर तोच आहे. माझा इथला राहण्याचा परवाना माझ्या नावावर आहे, शाळेच्या नावावर नाही. मालक चिडला म्हणून तो रद्द करू शकत नाही. तो अधिकार फक्त इमिग्रेशनचा. नोकरी सुटली की १४ दिवसांत त्यांना कळवायचं, नवी लागली की पुन्हा १४ दिवसांत कळवायचं. दोन्ही मी केलं आहे. सबळ कारण नसताना तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ आपल्या परवान्यातलं काम केलं नाही, तर परवाना धोक्यात येऊ शकतो. पण मी एप्रिलपासून दुसऱ्या शाळेत शिकवते आहे. पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे. "व्हिसा आमच्यामुळे आहे, लक्षात ठेव," असं जुन्या शाळेच्या मॅनेजरनं मला सुनावलं होतं. घाबरवण्यासाठी म्हणाला, त्यात तथ्य नाही.

आता मूळ भांडण. करारात एक कलम होतं: पुढच्या वर्षी थांबायचं नसेल तर तीन महिने आधी लेखी कळवा, नाहीतर एक लाख येन दंड. मी जानेवारीच्या शेवटी कळवलं, करार ३१ मार्चला संपत होता. शेवटच्या पगारातून त्यांनी लाख येन कापून घेतले, म्हणजे आपले पन्नास-साठ हजार रुपये. शिवाय मार्चमध्ये मी घेतलेल्या रजेचेही पैसे कापले. कारण काय, तर "करारावरच्या शिक्षकांना भरपगारी रजा नसते."

बाबा, हे दोन्ही इथल्या कायद्यात बसत नाही. जपानचा कामगार मानक कायदा १९४७ चा आहे, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षीचा. त्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की करार मोडल्याबद्दल कामगाराला अमुक इतका दंड, असं मालकानं आधीच ठरवून ठेवायचं नाही. माझी सही असली तरी करारातलं ते दंडाचं कलम चालत नाही. चोविसावं कलम सांगतं की पगार पूर्ण द्यायचा, मनाला येईल तसा कापायचा नाही. आणि एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे सहा महिने सलग काम आणि ८० टक्के हजेरी भरली की पूर्णवेळ काम करणाऱ्याला १० दिवस भरपगारी रजा मिळते. करार वर्षाचा असो की कायमचा, त्यानं फरक पडत नाही. २०१९ पासून तर त्यातली किमान पाच दिवस रजा घ्यायला लावणं मालकावरच बंधनकारक आहे.

मग हे चालतं कसं? कारण परदेशातून शिकवायला येणारी बरीच मुलं वर्ष-दोन वर्षांत परत जातात. विमानाचं तिकीट काढलेला माणूस लाख येनसाठी थांबत नाही, आणि शाळांना ते पक्कं माहीत असतं. माझ्याबरोबरच्या एका फिलिपिनो बाईंच्या करारात तर त्यांना कर्मचारीच म्हटलेलं नव्हतं. काम सोपवलेली बाहेरची व्यक्ती, असं लिहिलं होतं. म्हणजे रजा नाही, विमा नाही. वेळ शाळेनं ठरवायची, पुस्तक शाळेनं ठरवायचं, उशीर झाला तर बोलणीही शाळेची खायची, आणि हक्क मागितला की म्हणे तुम्ही आमच्या नाहीच.

आई, हे तुला मी काय सांगावं? इतकी वर्षं अंगणवाडी चालवलीस. खिचडी, वजन, लसीकरण, सर्वेक्षण, सगळं केलंस, आणि तरी तुम्हाला कर्मचारी म्हणायला सरकार तयार नव्हतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा तू शेजारपाजारी पेढे वाटलेस. २०२३ च्या डिसेंबरात संप झाला तेव्हा गुडघा दुखत असतानाही मोर्चाला गेलीस. तेव्हा बाबा तुला "जाऊ दे" म्हणाले नाहीत, डबा भरून दिला. मला तुमच्याकडून तेवढंच हवं आहे.

इथेही मी एकटी नाही. परदेशी शिक्षकांच्या युनियन आहेत, टोकियोत टोझेन, ओसाकात १९९१ पासून चालणारी जनरल युनियन. कुठल्याही शाळेतला एकटा माणूस सभासद होऊ शकतो, आणि युनियननं बोलणी करायला बोलावलं तर मालकाला योग्य कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. तिथले जुने शिक्षक २००७ ची गोष्ट सांगतात. नोव्हा नावाची इंग्रजी संभाषण शाळांची प्रचंड मोठी साखळी तेव्हा बुडाली आणि हजारो शिक्षकांचे पगार अडकले. कंपनीनं भाड्याचे पैसे पगारातून कापले, पण घरमालकांना दिलेच नाहीत, त्यामुळे काहींवर घर सोडायची वेळ आली. तेव्हा सरकारी योजनेतून बुडालेल्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळण्याची सोय होती. ती ज्यांनी कागद जपून ठेवले होते त्यांना सोपी गेली.

कागद मी पहिल्या दिवसापासून जपले आहेत. करार, दर महिन्याची पगारपावती, वेळापत्रकाचे फोटो, मॅनेजरचे मेसेज. बाबांची पोस्टातली शिस्त आहे ती.

आणि बाबा, पुढचं तुमच्यासाठी खास. इथे मागणीचं पत्र पाठवायची एक रीत आहे, नाइयो शोमेइ. आपलं रजिस्टर एडी पत्र पोचल्याची साक्ष द्यायचं, इथलं पोस्ट पत्रात काय लिहिलं होतं याचीही साक्ष देतं. एका ओळीत २० अक्षरं, एका पानावर २६ ओळी, यापेक्षा जास्त लिहायचं नाही. तीन प्रती करायच्या: एक समोरच्याला, एक आपल्याला, आणि एक पोस्ट स्वतः पाच वर्षं जपून ठेवतं. काउंटरवरच्या काकांनी तिन्ही प्रती ओळ न् ओळ ताडून पाहिल्या. घाई नाही, कंटाळा नाही. तुमची फार आठवण आली. पत्रातली जपानी भाषा युनियनच्या एका ताईंनी तपासून दिली.

पत्रातली मुदत उलटली, शाळेचं उत्तर आलं नाही. म्हणून मी कामगार कायद्याच्या निरीक्षण कार्यालयात तक्रार दिली. लोक त्याला रोकी म्हणतात. फी नाही. तिथले निरीक्षक शाळेत जाऊन हजेरीपट, पगारपत्रकं तपासू शकतात आणि चूक सुधारा असं लेखी बजावू शकतात. ते माझे वकील नव्हेत, पैसे वसूल करून हातात देतीलच असं नाही. मात्र तक्रार केली म्हणून कामगाराला त्रास देणं कायद्यानं गुन्हा आहे. त्यानंही शाळा हलली नाही, तर ६ लाख येनपर्यंतच्या दाव्यासाठी छोटं न्यायालय आहे, आणि शक्यतो एकाच सुनावणीत निकाल लागतो. पगाराचा दावा करायला तीन वर्षं मिळतात. घाई शाळेला असेल, मला नाही.

आई, मावशीला "पोरीची नोकरी गेली" असं सांगू नकोस. करार संपला आणि मी दुसरीकडे लागले, एवढंच खरं आहे. नव्या शाळेचा पगार थोडा कमी आहे, पण आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये त्यांनी पहिल्या दिवसापासून नाव घातलं.

बाबा, नव्या कराराची प्रत सोबत जोडली आहे. इंग्रजी मजकूर पुरता वाचा आणि कुठे शंका आली तर पेन्सिलीनं खूण करून फोटो पाठवा. नवव्या कलमाबद्दल मला तुमचं मत हवं आहे.

तुमची,
लेक