उणे तापमानात मुका होणारा ड्राइव्हवे अलार्म: बदली किंवा परतफेडीची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय: वायरलेस ड्राइव्हवे अलार्म (दोन सेन्सर, एक रिसीव्हर) थंडीत बंद पडण्याबाबत

महोदय,

वरील संच, म्हणजे फाटकावरच्या सेन्सरसमोरून कोणी गेले की घरातल्या रिसीव्हरवर वाजणारा अलार्म, केलाँगजवळच्या (लाहौल, हिमाचल प्रदेश) घरासाठी आपल्याकडून घेतला आहे. जागेची उंची 3,000 मीटरहून जास्त, फाटकापासून घरापर्यंत सुमारे 250 मीटर कच्चा रस्ता आणि जानेवारीत रात्रीचा पारा उणे 15 अंशांच्या आसपास, हे सारे मागणीच्या ई-मेलमध्ये लिहिले होते. त्यावर आपल्या विक्री विभागाने कळवले, ‘ऑल वेदर आहे, निर्धास्त घ्या.’ खोक्यावरही तेच छापले आहे. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कार्यकारी तापमान 0 ते 50 अंश सेल्सिअस’ अशी ओळ आहे. लोणावळ्याच्या फार्महाऊसला हा पल्ला पुरेल. लाहौलमध्ये थंडीचे कित्येक आठवडे दुपारीसुद्धा पारा शून्याच्या वर येत नाही.

दोष असा: पारा उणे 10 च्या खाली गेला की फाटकावरचा सेन्सर गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन लागले की आपोआप चालू होतो. आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर ठरलेले आहे, ‘सेल बदला.’ सेल बदलले की एखादी रात्र बरी जाते, मग पुन्हा तेच. म्हणून सेन्सर ओसरीत टांगून, बॅटरीच्या कप्प्याला घरातल्या 6 व्होल्टच्या अडॅप्टरवरून दोन तारा जोडून पाहिल्या. त्याच थंडीत तोच सेन्सर रात्रभर व्यवस्थित चालू राहिला. तारा काढून चार अल्कलाइन पेन्सिल सेल घातले, तर पहाटेपर्यंत बंद. म्हणजे सर्किट ठीक आहे आणि गफलत वीजपुरवठ्यात आहे.

कारण आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हवे. अल्कलाइन सेलमधला द्राव पाण्याचा असतो. थंडीत त्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि सेलचा आतला रोध वाढतो. सेन्सर नुसता पहारा देत असतो तेव्हा त्याला मायक्रोअँपिअरमध्ये वीज लागते, तेवढी मिळत राहते. कोणी समोरून गेले की ट्रान्समीटर (घरात संदेश पाठवणारा भाग) क्षणभर मिलीअँपिअरमध्ये, म्हणजे कितीतरी पट जास्त वीज ओढतो, त्याच क्षणी व्होल्टेज खाली बसते आणि सर्किट रीसेट होते. तोच सेल घरात आणून मीटर लावला तर 1.4 व्होल्ट दाखवतो, कारण तो गरम झालेला असतो आणि मीटर त्याच्यावर भार टाकत नाही. ‘सेल तपासले, चांगले आहेत’ हा शेरा म्हणूनच निरुपयोगी आहे. खोक्यासोबत आपण दिलेले झिंक-कार्बन सेल तर अशा थंडीत अल्कलाइनपेक्षाही लवकर हात टेकतात.

आपल्या सेवा केंद्राने रिचार्जेबल सेल सुचवले. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल 1.2 व्होल्टचा, चार मिळून 4.8. आपल्याच पुस्तिकेप्रमाणे 4.8 व्होल्टला ‘बॅटरी संपली’चा लाल दिवा लागतो. हा सल्ला देणाऱ्याने पुस्तिका उघडलेली दिसत नाही. उणे तापमानाला खरा उपाय 1.5 व्होल्टचे लिथियम (आयर्न डायसल्फाइड) पेन्सिल सेल, ते उणे 40 पर्यंत चालतात. पण पुस्तिका म्हणते, ‘अल्कलाइनखेरीज सेल वापरल्यास वॉरंटी रद्द.’ नवा लिथियम सेल भाराशिवाय 1.8 व्होल्टच्या आसपास असतो, चार मिळून 7.2. सर्किट एवढे पेलते का, हा साधा प्रश्न लेखी विचारला आहे. उत्तर नाही.

दुसरी तक्रार डब्याची. झाकणाचे रबरी सील थंडीत कडक होते आणि एका कोपऱ्यात फट राहते. तिथून बाष्प शिरून भिंगावर आतून हिमाचा थर धरतो. पीआयआर सेन्सर (अंगाची किंवा गाडीची उष्णता टिपणारा, या संचातला) 8 ते 14 मायक्रॉनच्या उष्णतालहरी पाहतो आणि त्या लहरींना बर्फ जवळजवळ भिंतीसारखा असतो. बाहेरून भिंग स्वच्छ दिसते, सेन्सर आंधळा झालेला असतो. सेल नेहमी बाहेरच बदलतो, घरातली दमट हवा डब्यात कोंडू नये म्हणून सिलिका जेलची पुडीही ठेवली आहे, तरी हिम धरतेच. तेव्हा हा वापराचा दोष आहे असे कृपया लिहू नये.

बसवण्याबद्दलही तेच. पुस्तिकेत उंची 1 मीटर सांगितली आहे, जानेवारीच्या बर्फात तेवढी उंची गाडली जाते. म्हणून दीड मीटरवर, उत्तरेकडे तोंड करून, गाडी समोरून न येता आडवी जाईल अशा कोनात बसवला आहे. बर्फाच्छादित जागेत गाड्यांसाठी जमिनीत पुरायचा चुंबकीय प्रोब (गाडीच्या लोखंडावरून गाडी ओळखणारा सेन्सर) जास्त भरवशाचा, त्याला बर्फ आणि भिंग दोन्हींची पर्वा नाही. माणूस आणि जनावर मात्र तो ओळखत नाही. आपल्याकडे तो विक्रीला आहे, पण ई-मेलमध्ये जागेचे वर्णन वाचूनही कोणी सुचवला नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच आहे. सेल उतरल्याचा लाल दिवा फक्त सेन्सरवर लागतो, 250 मीटर लांब, बर्फात, रात्री. रिसीव्हरला काहीच कळत नाही, कारण संदेश एकाच दिशेने जातो आणि ‘मी चालू आहे’ असा ठरावीक वेळाने येणारा संकेत या संचात नाही. त्यामुळे अलार्म वाजला नाही याचा अर्थ ‘कोणी आले नाही’ आणि ‘सेन्सर मेला’ असा दोन्ही होतो. वाटेवरून येणाऱ्या माणसाची खबर मिळावी म्हणून घेतलेल्या वस्तूत हा गोंधळ चालणार नाही. खोक्यावरचा 800 मीटरचा पल्ला 250 मीटरलाच डळमळतो, हे त्यापुढे किरकोळ.

मागण्या अशा:

1. उणे 20 अंशांपर्यंत चालणारा, लिथियम सेल चालणारा आणि रिसीव्हरवर सेन्सर बंद झाल्याचे कळवणारा संच बदलून द्यावा. तसा संच नसल्यास पूर्ण रक्कम आणि परतीचा वाहतूक खर्च द्यावा.

2. लिथियम सेलबाबतचे उत्तर सर्किटच्या कमाल व्होल्टेजसह लेखी द्यावे.

3. खोक्यावरून ‘ऑल वेदर’ काढून तापमानाची मर्यादा दर्शनी बाजूला छापावी.

खरेदी आपल्या संकेतस्थळावरून झाली असल्याने, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात अपेक्षित आहे. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करू आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगात दाद मागू.

आपले,
ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मागणीचा ई-मेल व त्याचे उत्तर, पुस्तिकेच्या शेवटच्या पानाचे छायाचित्र, आतून हिम धरलेल्या भिंगाची दोन छायाचित्रे