क्वेत्झालला खोटी हाक नको

महोदय,

मार्चमध्ये क्वेत्झाल हा पक्षी बघायला कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्दे मेघवनात गेले होते. पाऊस नव्हता, तरी पानापानांतून पाणी ठिबकत होतं. दुर्बिणीच्या काचा पुसून हात दुखले. पहिल्या दिवशीचा वाटाड्या पक्ष्यामागे धावलाच नाही. रानटी अ‍ॅव्होकाडोच्या झाडाखाली त्याने आम्हाला गप्प उभं केलं. क्वेत्झाल ही लहान फळं अख्खी गिळतो आणि बी नंतर ओकून टाकतो. झाडाला फळं आहेत तर पक्षी येणारच, हा त्याचा साधा हिशेब. चाळीस मिनिटांनी नर आला. मागे लोंबणारी हिरवी झालर (ती खरी शेपटी नव्हे, शेपटीवरची पिसं!) धुक्यातही झळकली.

दुसऱ्या दिवशीच्या वाटाड्याने मात्र मोबाइलवर क्वेत्झालची शीळ वाजवायला घेतली. तेही ऐन विणीच्या काळात! कुजक्या खोडातल्या घरट्यात नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. खोटा प्रतिस्पर्धी ऐकून नर घरटं सोडून येऊ शकतो. आमच्यातल्या दोघांना फोटो मिळाले, त्यांनी खूश होऊन बक्षिशीही दिली. म्हणजे निम्मा दोष आमचाच. सहलीचे पैसे भरण्याआधी ‘आवाज वाजवणार का?’ एवढं विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं.

– एक पक्षीवेडी वाचक